अकरा नावांची भिंत

यवतमाळच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर प्राथमिक शाळेच्या नव्या वर्गखोलीचा नकाशा पसरला होता. खिडकीशी इंजिनिअर साहेब, शेजारी शाळा समितीच्या अध्यक्ष सुखीबाई. मी इअरफोन काढलेच!

“साहेब, वाऱ्याच्या बाजूले खिडकी काहून नाही?”

“तिथे कोनशिला येते, बाई. अकरा पाहुण्यांची नावं आहेत. अख्खी भिंत लागते.”

“अन् एप्रिलात लेकरं उकडून निघतीन, त्याचं?”

“उद्घाटन डिसेंबरात आहे. तेव्हा थंडीच असते.”

“तारीख तं आमची समिती ठरवते न?”

“हो, तुम्हीच.”

“मंग एप्रिलातच ठेवतो. दुपारी दोनले. अकराही पाहुणे आत बसवतो, अन् भाषणंबी तिथंच.”

दारव्ह्याचा स्टँड येताच साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली.

“बाई, खिडकी केवढी पाहिजे?”