चाचीचा आवाज तसाच राहिला

आधी ऐका, मग मला शिव्या घाला. आमच्या शेजारचे रफिकचाचा हिमरू शाली विणतात. प्रदर्शनात स्टॉल पाहिजे तर स्लाईड घेऊन या, असं त्यांना हापिसातून सांगितलं. पण मोबाईलमधला मागाचा व्हिडिओ स्लाईडमध्ये चालंच ना. आले माझ्याकडं.

"बेटा, कन्व्हर्ट करून दे. आन् आवाज तेवढा काढून टाक. मागं तुझी चाची कटकट करतीय."

मी कन्व्हर्ट केला, पण आवाज मुद्दाम ठेवला. म्हणलं, जरा मजा येईल.

हापिसातल्या मीटिंगला स्लाईड दाखवायला लॅपटॉपवर मीच होतो. माग खटखट सुरू झाला अन् स्पीकरमधून चाची गरजली, "छोडो वो माग! कोन लेता आजकल हिमरू? वाचमन की नोकरी पकडो!"

सगळे लई हसले. चाचा मान खाली घालून उभे. माझं हसू तिथंच गेलं. आपल्यामुळं चाचाचा स्टॉल गेला राव!

मोठ्या मॅडमनी विचारलं, "घरचेच असं म्हणतात?"

"रोज म्हणती, मॅडम. आन् म्हणता म्हणता माझ्या मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या तीच भरती. बघा, व्हिडिओत मागं बसलीय."

मॅडमनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. कोपऱ्यात चाची तोंडानं भांडत होती अन् हातानं कांड्या भरत होती. आता कुणी हसलं नाय.

स्टॉल मिळाला. बाहेर आल्यावर चाचांनी माझा कान धरला.

"चल घरी. साहेब लोकांनी काय काय ऐकलं, ते चाचीला आता तूच सांग."