दोन मंगळवारांचा खाडा

— नाही ना खुशबू मॅडम, लीला घरी नाही म्हणतो ना — कोंढ्याले गेली, बहिणीकडं. दोन मंगळवार तुमच्या वर्गाले खाडा झाला तिचा, माहीत आहे मले. तुम्ही एवढ्यासाठी पवनीवरून स्कूटीनं आल्या, मलेच कसंतरी वाटून राहिलं. बसा, इथं ओसरीवरच बसा. आत पसारा आहे.

तुमच्या त्या मातीकामानं, गाण्यानं फरक पडला, खोटं कायले बोलू? चार वर्षं माही बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हणो, मातीचे गोळे थापून कोणाचं मन ताळ्यावर येते का? आलं. मागच्या महिन्यात तांदूळ निवडता निवडता गुणगुणली — मी आंघोळीले बसलो होतो, तसाच ओल्या अंगानं ऐकत राहिलो. वाटलं, झाली बरी. अन् बरी झाली तर मंग डॉक्टरच्या गोळ्या कायले? — हो, तुम्ही सांगतलं होतं. वर्ग गोळ्यांच्या जोडीनं, गोळ्यांच्या ऐवजी नाही. दोनदा सांगतलं. ऐकलं होतं मी.

खरं सांगू? बरी झाली म्हणून नाही बंद केल्या. पोराले, अंकुशले, साकोलीचे पोरीवाले पाहाले आले. पोरीची मावशी नर्स — ती घर पाहात पाहात आत गेली अन् फळीवरच्या गोळ्यांपाशी थांबली. कोणाच्या, म्हणे. मी म्हटलं, माह्या, बीपीच्या. आता नर्सले गोळीचं नाव वाचता येत नाही का? वाचून पाकीट परत फळीवर ठेवलं तिनं. ते गेले, अन् मी गोळ्या उचलून धानाच्या ढोलीत टाकल्या. लीलाले म्हटलं, लग्न होईपर्यंत पवनी बंद — दर मंगळवारी कुठं जाते म्हणून कोणी विचारलं तर काय सांगू मी? हो म्हणाली बिचारी. काहून, असंही नाही विचारलं. आठ दिवसांत पुन्हा तीच भिंत. तीन दिवसांपासून धड जेवली नाही. अन् आज चार वाजता ते लोक तारीख पक्की करायले येऊन राहिले — तिकडं काय पाहता मॅडम? कडी होय ती. धान आहे त्या खोलीत, कुत्रे शिरतात म्हणून लावली.

नाही. धान नाही. लीला आहे आत. कोंढ्याले नाही गेली. सकाळी मीच लावली बाहेरून. वीस वर्षं झाली, विहारात पंचशील मी सांगतो — खोटं बोलणार नाही, हे माह्या मागून सारी वस्ती म्हणते. लाज वाटून राहिली मले, मॅडम. जा तुम्ही आता. पाव्हणे येतील.

थांबा. तुम्ही दाराजवळ आहा — बोलली का ती काही? — काय म्हणते?

असं विचारते? पाव्हणे गेले का, आता येऊ का बाहेर?

तुम्हालेच पाव्हणी समजली ती. तुम्हीच काढा कडी, मॅडम. माही हिंमत नाही होऊन राहिली.