वीणा कुणी घेतली न्हाई

मी मंठाळचा, नाव दगडू. शेतीवालं घर आमचं, आन् राग घरात पिढीजात. पान्याच्या पाळीवरून सख्ख्या चुलत्यावर कुऱ्हाड उगारली व्हती मी, आता काय सांगू तुम्हाला, तवा मिसरूड बी फुटलं नव्हतं. बापानं हात धरून भजनी मंडळीत नेऊन घातलं. आमची मंडळी म्हंजी भाऊपणाची, नारळ ठेवला की भाऊ झाला, मग जात इचारायची न्हाई, मरणादारी खांदा द्यायचा. म्होरक्या शिवप्पा अण्णा, घरात कानडी आन् भजनात मराठी.

अण्णा म्हनले, दगड्या, तीन वर्सं सतरंजी टाकायची, टाळाला हात लावायचा न्हाई. म्हनलं कामून? म्हनले, हे कामून सुटंल तवा टाळ दिऊ. लई जळायचो मी, पर टाकली सतरंजी, तीन वर्सं टाकली.

मग सप्त्यात वीणा दिली. सात दिस वीणा भुईला टेकवायची न्हाई बघा. ज्याच्या गळ्यात त्यानं उभंच ऱ्हायाचं, बोलायचं न्हाई, पहारा सरला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. माझा पहिलाच पहारा, भर दुपारचा, आन् निजामाचा जमादार दोन शिपाई घिऊन देवळात घुसला, म्हनला परवाना कां है रे? अण्णांनी हात जोडले, म्हनले सरकार, देवाचं नाव हाय, आज्या-पणज्यापासून चालायलंय. त्यानं खाडकन कानफटात हानली. पटका मातीत, अण्णा मातीत. म्हातारा मानूस हो तो!

माझ्या अंगाची आग आग. वीणा गळ्यातून काढली आन् नरसूपुढं धरली, म्होरला पहारा त्याचाच. नरसू मागं सरला. गुंडूपुढं धरली, त्यानं हात पाठीमागं नेले. बोलता येईना, डोळ्यानं भीक मागायलोय, घ्या रे कुणीतरी, आन् एक बी भाऊ घेईना! समद्यायला ठावं व्हतं, वीणा सुटली की हा जमादाराचं नरडं धरतंय. अण्णांनी मातीतूनच मान हालविली, न्हाई म्हून. उभा ऱ्हायलो मग. जमादार सतरंजी तुडवीत हसत गेला.

अण्णा उठले आन् माझ्या पायाला हात लावला, म्हनले, आज भाऊ झालास. गावभर माझ्या सबुरीचं कवतिक. कसली सबुरी? हात बांधले व्हते माझे, माझ्याच भावांनी! अण्णांचा उजवा कान आधीच मंद, डावा त्या कानफटात गेला तो गेलाच. ठेका कळावा म्हून मृदंगावर पंजा ठिवून बसायचे, आन् ते बघून माझं रगत उकळायचं. म्हनायचो, अण्णा, कामून सोसलंत? म्हनायचे, तू वीणा टाकली असतीस तर गाव जाळलं असतं त्यायनी. खरं बी आसंल. मला अजून पटलं न्हाई.

निजाम गेला, अण्णा बी गेले. दर सप्त्याला दुपारचा पहारा मीच घेतो. लोकं पाया पडतेत, म्हनतेत किती शांत मानूस. पडू द्या, देव त्यायचं भलं करो. मी आपला दाराकडं तोंड करून उभा असतो, आन् अजून बी वाटतंय, तो जमादार आता यील आन् कुणीतरी म्हनंल, दगडू, आण ती वीणा इकडं.