ग्राइंडरच्या आधी टेपची पूजा

हसाल, पण माझ्या उजव्या हाताची बोटं आज शाबूत आहेत ती पगारेच्या टेपरेकॉर्डरमुळे. ऐंशीनंतरची गोष्ट. अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीची तयारी चालली होती. मी हातग्राइंडरने शेवटचा जॉब घासत होतो, तेवढ्यात लाईट गेली. मी ग्राइंडर तसाच उचलून पाटावर ठेवला आणि त्याला हार घातला. आमच्या फिटर पगारेने त्याचा प्लग काढला आणि तिथे आपला टेप लावला.

"अरे, लाईट नाही आणि टेप कसला लावतोस?" मी विचारलं.

"असू दे रे. लाईट आली की सनई आपोआप वाजंल."

मी कुंकवाचं बोट ग्राइंडरच्या चाकावर टेकवलं आणि लाईट आली. सनई एवढ्या जोरात वाजली की वाटीतलं अर्धं कुंकू सांडलं. सगळे हसले. फोरमनकाका मात्र वाकून ग्राइंडरचं बटण बघत होते. ते चालूच होतं.

"लाईट गेल्यावर बंद नाही केलंस?"

मी बटण बंद केलं.

काकांनी ग्राइंडरवरचा हार काढून टेपला घातला आणि म्हणाले, "लाव कुंकू. पण आधी याचाही प्लग काढ."