गोलकीपरची आई

रत्नागिरी स्टँडवर राजापूरच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“जुलेखाभाभी, आज तुमच्या अनसची फायनल ना? मग तुम्ही इथे कशा?”

“घरच्यांनीच बाहेर काढलंय, राजश्री. मी मॅच बघायला बसले की तो गोल खातो.”

“असं कुठे असतं का?”

“तो मस्कतच्या क्लबाचा गोलकीपर. मलेशियाच्या क्लबाशी हॉकी चालली होती, मी टीव्हीसमोर बसले, तर तीन गोल गेले. जर्मनवाल्यांच्या वेळी मी सावर्ड्याला नणंदेकडे होते, एकसुद्धा गेला नाही.”

“मग आज कोणाकडे?”

“कोणाकडेच नाही. लांज्याला उतरायचं आणि परत यायचं. थांब हां, सुनेचा फोन आहे. बोल शिफा. एक-एक झालेत? गाडी आत्ता लागतेय बाय, मी काय चालत जाऊ?”

“काय म्हणते?”

“म्हणते, अम्मी अजून स्टँडवरच, म्हणून गोल गेला.”

“अहो, पुढचे जरा सरका, आधी भाभींना चढू द्या.”

“कंडक्टरभाऊ, एक लांजा द्या.”

“ऐकलं मी सगळं, भाभी. बरोबरीच राहिली तर शूटआउट होणार. राजापूरचंच तिकीट घ्या.”