इटालियन नावं आणि न केलेला फोन

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे केंद्रसंचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी ही सभा भरली आहे त्या निवृत्त होणाऱ्या आमच्या वृत्तनिवेदिका बाई, त्यांचे यजमान आणि रेडिओ केंद्रातल्या सर्व सहकाऱ्यांनो,

रोज माइकसमोर बसणारा माणूस मी, पण आज बोलणं कागदावर लिहून आणलं आहे.

बाईंनी मला काय शिकवलं? इटालियन नावं. हसा खुशाल. 'सी'पुढे 'एच' दिसला की 'क', म्हणून कियारा. चियारा म्हणालास तर याद राख. 'जी' आणि 'एन' जोडीनं आले की 'न्य'. दोनदा लिहिलेल्या अक्षरावर जरा थांबायचं. तरी खात्री नसेल तर आपल्या केंद्राचा पियानो दुरुस्त करणाऱ्या काकांना फोन लावायचा, कारण त्यांची आई इटलीची. "अरे, माणूस जन्मभर ते नाव वागवतो, तुला दोन मिनिटं जड होतात?" असं बाई म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी इथल्या बोगद्याचं काम चालू असताना तो कोसळला. सात इटालियन कामगार गेले. नावं देवनागरीत उतरवून बाईंच्या हातात देणं हे माझं काम. काकांचा फोन लागला नाही आणि मी तो परत लावला नाही. अंदाजानं लिहून वेळ मारून नेली. बाईंनी विचारलं, "काकांना विचारलंस ना?" मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाचा भाऊ केंद्रावर आला, तोही त्याच बोगद्यावर कामाला होता. भांडला नाही हो. स्वागतकक्षात उभं राहून त्यानं भावाचं नाव दोनदा नीट म्हणून दाखवलं आणि निघून गेला.

चौकशी झाली. साहेब, ती आपणच केलीत. बाई म्हणाल्या, "आवाज माझा होता, चूक माझी." मी शेजारीच मूग गिळून बसलो होतो. संध्याकाळचं मुख्य बातमीपत्र बाईंकडून काढलं आणि मला दिलं. बाईंना सगळं कळलं होतं, तरी एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते फार लागतं मनाला.

हे मी घरीही सांगितलेलं नाही. उद्या माझं काय करायचं ते साहेब ठरवतील. पण बाई तो ठपका घेऊन घरी गेल्या असत्या, तर बातमीपत्राच्या त्या खुर्चीत बसणं मला जमलं नसतं.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. बाई, तुम्ही भाषणातल्या चुकांचं राहू द्या. त्या "हो"बद्दल माफ करता आलं, तर तेवढं बघा.