डोंगरावरची रेंज

लालबागच्या बसस्टॉपवर पद्मजा रांगेत उभी होती. तिच्या पुढे कोकणातून आलेल्या शेवंतीकाकू पुतण्याला गावच्या खाणीच्या सभेची हकीकत सांगत होत्या.

“कंपनीचा साहेब म्हणाला, तुमच्या डोंगरात मोबाइलच्या बॅटरीचा धातू आहे.”

“मग गावाला काय, गो काकू?”

“नोकऱ्या, दवाखाना. खणलेलं बुजवून झाडंही लावणार.”

“आणि आपला झरा?”

“तेच विचारलं मी! म्हणाला, मोठ्या साहेबांना फोन करून सांगतो.”

“केला?”

“रेंज कुठे आहे रे आपल्याकडे? धापा टाकत डोंगरमाथ्यावर चढला बिचारा. तिथून त्याला झरा दिसला, हंडे घेतलेल्या बायका दिसल्या.”

पद्मजाची बस आली. तिने ती सोडली.

“मग?” पुतण्याने विचारलं.

“उतरल्यावर म्हणाला, झऱ्याची बाजू सोडूनच खणू. वर मोबाइलचा टॉवरही देऊ.”

“झकास! तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, टॉवर इतक्यात नको. पुढच्या साहेबालाही वर चढायला लागू दे.”